कापुआकाच्या मापाने : बेत्सिलेउ गावातले सहा दिवस

मंगळवार : अंतानानारिव्हो ते फियानारांत्सुआ

राजधानीतून दक्षिणेला सुटणाऱ्या गाड्यांच्या जुन्या तळाचं नाव ‘फासानी कराना’. अर्थ सरळ आहे: कराना लोकांची दफनभूमी. कराना म्हणजे मादागास्करमधले हिंदी वंशाचे लोक. बहुतेक गुजराती, त्यातही खोजा आणि बोहरी जास्त. एकोणिसाव्या शतकापासून ते पश्चिम किनाऱ्यावर व्यापाराला उतरले आणि हळूहळू शहराशहरांत दुकानं टाकून बसले. मराठी प्रवाशाने हा शब्द पहिल्याच सकाळी ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सहा दिवस पोरंटोरं त्याला याच नावाने हाक मारणार आहेत. गोरा माणूस ‘वझाह’, आपण ‘कराना’. दोघेही परकेच, पण वजन वेगळं. वझाहकडे पैसा असतो आणि त्याला भाव कळत नाही. करानाकडे पैसा असतो आणि त्याला भाव चांगलाच कळतो. ही समजूत काही कौतुकाची नाही. 1987 साली अनेक शहरांत करानांच्या दुकानांवर हल्ले झाले होते. खेड्यात मात्र कराना म्हणजे काउंटरमागे बसलेला माणूस. तोच पाठीला पिशवी लावून बांधावरून चालत येतोय, याचं गावाला नवल वाटतं, आणि नवलाचा फायदा होतो.

अंतानानारिव्होला सगळे ‘ताना’ म्हणतात आणि फियानारांत्सुआला ‘फियाना’. रोमन लिपीत लिहिलेला ‘ओ’ इथे ‘उ’ म्हणायचा आणि शब्दाचा शेवटचा स्वर जवळपास गिळायचा. एवढं जमलं तरी पाट्या आणि माणसं यांचा मेळ लागतो.

ताना ते फियाना साधारण 410 किलोमीटर. ‘ताक्सी-ब्रूस’ म्हणजे आपल्याकडच्या वडापची मोठी बहीण: टपावर पोती, सायकली, पाय बांधलेल्या कोंबड्या, आत जेवढ्या सीटा त्याहून चार माणसं जास्त. गाडी वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. म्हणून पहाटे पाचच्या आत तळावर पोचायचं, चालकामागच्या पहिल्या ओळीतली जागा मागायची आणि जिच्यात आधीच निम्मी माणसं बसली आहेत तीच गाडी धरायची. रिकामी गाडी दाखवून ‘आत्ता निघतेच’ म्हणणाऱ्याचं ऐकलं तर दहा वाजतात आणि मग शेवटचे घाट अंधारात येतात. सगळं सुरळीत असलं तर नऊ-दहा तास लागतात.

वाटेत अंबातुलांपीला रस्त्याच्या कडेला ॲल्युमिनियमच्या भांड्यांच्या चकचकीत उतरंडी दिसतात. भंगार ॲल्युमिनियम वितळवून वाळूच्या साच्यात ओतलेली ही भांडी देशभर भात शिजवतात. गाडीतले लोक इथे उतरून टिचकी मारून भांडं घेतात. बद्द आवाज आला की चीर किंवा हवेचा पोकळा समजायचा. दुपारचं जेवण आंत्सिराबेच्या आसपास ‘होतेली गासी’त, म्हणजे साध्या खाणावळीत. ताटात भाताचा डोंगर आणि शेजारच्या वाटीत चार घास कालवण. या कालवणाला ‘लाउका’ म्हणतात. बाहेरचा माणूस लाउका दुप्पट मागवतो आणि भात निम्मा टाकतो. खाणावळवाली काही बोलत नाही, पण भाताला जोडीला काही हवं म्हणून लाउका असतं, लाउक्याला जोडीला भात नसतो, हे तिच्या चेहऱ्यावर वाचता येतं. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये.

बुधवार : अंबालावाउचा बाजार, मग पायवाट

फियानाहून अंबालावाउ 56 किलोमीटर. बुधवारी गावाबाहेरच्या टेकाडावर गुरांचा बाजार भरतो, तो गुरुवारीही चालू राहतो. देशातल्या मोठ्या गुरांच्या बाजारांपैकी हा एक. गुरं म्हणजे ‘उंबी’, आपल्यासारखीच वशिंडाची. दक्षिणेकडून आणि पश्चिमेकडून कित्येक दिवस पायी हाकत आणलेली असतात. आपला माणूस इथे पहिला प्रश्न विचारतो तो दुधाचा आणि तिथेच फसतो. या गुरांचं दूध नावालाच. ती चिखलणीला, गाडीला, मर्तिकाला आणि अडीनडीला. विकत घेणारा बघतो ते वशिंडाची भर, खूर आणि कागद. प्रत्येक जनावरामागे वही असते, ‘बुकीन उंबी’. तीत मालकाचं नाव, रंग, कानाची खूण आणि शिक्के. वही नसलेलं जनावर स्वस्त मिळतं, कारण ते ‘दाहालु’ म्हणजे गुरंचोरांच्या हातून आलेलं असण्याचा संभव मोठा. पुढच्या चौकीवर जनावर जातं आणि घेणाराही अडकतो.

खालच्या बाजारात सामान भरायचं. गावात ज्या घरी उतरायचं त्या घरासाठी, दोन माणसं चार रात्री राहणार असतील तर: तांदूळ 8 किलो, तेल 1 लिटर, साखर 1 किलो, कॉफीच्या बिया अर्धा किलो, मीठ, काडेपेट्या आणि साबणाचे दोन लांब बार. पोरांसाठी गोळ्या-चॉकलेटं नकोत. गोळ्या वाटणारा पाहुणा गेला की पुढच्या पाहुण्यामागे पन्नास पोरं हात पसरून धावतात, आणि याचा राग पाहुण्याला नव्हे तर पोरांच्या आयांना येतो.

तांदूळ किलोने मागितला तरी बाई मोजते ‘कापुआका’ने. कापुआका म्हणजे आटवलेल्या गोड दुधाचा रिकामा पत्र्याचा डबा. साडेतीन कापुआका म्हणजे एक किलो. एका डब्यात साधारण 285 ग्रॅम. तांदूळ, घेवडा, शेंगदाणे, सगळं त्यानेच. माप शीग लावून द्यायचं असतं. हाताच्या कडेने शीग पाडली की गिऱ्हाईक बाई काही न बोलता डबा परत पोत्यात उलटा करते आणि स्वतःच भरते. बूड आत चेपलेला डबा कमी मापतो, म्हणून आधी आतून बोट फिरवून बघायची सवय. ज्या देशात गुरांचं दूध जेमतेम प्यायलं जातं तिथे धान्याचं माप दुधाच्या डब्याचं असावं, ही गंमत परक्याच्याच लक्षात येते.

भाव ऐकताना दोन खड्डे आहेत. पहिला: आकडे लहानाकडून मोठ्याकडे बोलतात. 25 म्हणजे ‘पाच वर वीस’. यात मराठी माणसाला अडचण नाही, आपलं पंचवीसही तसंच. पण 12,500 हे ‘पाचशे आणि दोन हजार आणि एक दहाहजार’ असं येतं. पहिला शब्द ऐकून पाचशेची नोट पुढे केली की बाजार हसतो. बाईचं वाक्य संपेपर्यंत पाकीट उघडू नये. दुसरा: चलन अरियारी आहे, पण जुन्या फ्रँकची सवय सुटलेली नाही. 5 फ्रँकचा 1 अरियारी. फ्रँक व्यवहारातून 2005 च्या सुरुवातीला गेला, तरी म्हातारी माणसं अजून त्यातच बोलतात. भाव अपेक्षेच्या पाचपट वाटला तर चिडण्याआधी ‘अरियारी?’ एवढंच विचारावं. निम्म्या वेळा ती फसवणूक नसते, फ्रँक असतो. आणि सुट्ट्या नोटा, म्हणजे 500, 1,000 आणि 2,000 च्या, इथेच जमवून ठेवायच्या. गावात वीस हजाराची नोट मोडून मिळत नाही.

गावाचं नाव देत नाही. मोठा रस्ता सोडून दोन तास चालल्यावर लागणारं पंधरा-वीस घरांचं कुठलंही बेत्सिलेउ गाव धरा. डोंगराच्या उतारावर लाल मातीच्या विटांची दुमजली घरं, खाली पायऱ्यापायऱ्यांची खाचरं, वर काळ्या कातळाचे सुळके. बेत्सिलेउ लोक या देशात भातशेतीचे उस्ताद समजले जातात. बांध कसा घालावा, पाणी कसं वळवावं, हे त्यांच्याकडून शिकावं असं इतर जमातींचे लोकही मानतात.

पोचल्यावर सगळ्यात आधी ‘फुकुंतानी’च्या प्रमुखाला भेटायचं. फुकुंतानी म्हणजे कारभाराचं सगळ्यात खालचं एकक. तो वहीत नाव आणि पासपोर्टचा क्रमांक लिहून घेतो. हे टाळलं तर संध्याकाळी गावभर कुजबुज सुरू होते. या भागात ‘म्पाका फु’ म्हणजे काळीज काढून नेणाऱ्या परक्यांच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, आणि कारण न सांगता अंधारात फिरणारा अनोळखी माणूस त्या गोष्टीत चपखल बसतो. दिवस मावळला की दारं लागतात. तेव्हा आपणही आत असावं.

घराशी आल्यावर दार वाजवायचं नाही, बाहेरून ‘हाउडी’ म्हणायचं. आतून ‘मांद्रुसुआ’ आलं की आत. मग बसून भाषण. हसू नका, भाषणच. ज्याच्या ओळखीने आपण आलो तो उठतो, आधी बोलण्याबद्दल माफी मागतो, मग वडीलधाऱ्यांची, मग पूर्वजांची, आणि नंतर सांगतो की ही माणसं कोण. घरचा वडील तसंच सावकाश उत्तर देतो. ही ‘काबारी’. 2021 साली युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, पण इथे ती रोजच्या वापरातली वस्तू आहे. आपल्या वाट्याला दोन वाक्यं येतात: लहान तोंडी मोठा घास घेतो म्हणून माफ करा, आणि घरात घेतलंत म्हणून आभार. मग दोन्ही हातांनी थोडे पैसे द्यायचे. त्याला म्हणतात ‘सुलुं-बुडियाकुहु’, शब्दशः कोंबडीच्या पार्श्वभागाचा मोबदला. कोंबडीचा तो तुकडा घरातल्या वडिलांचा मान, पाय पोरांचे. तांदूळ-साखर त्याच वेळी पुढे ठेवायची. निघताना द्यावी असं शहरी माणसाला वाटतं, पण मग चार दिवस त्या घराने स्वतःच्या कणगीतून घातलेलं असतं.

गुरुवार : कोणी काही करत नाही असा दिवस

पाश्चात्त्यांच्या जुन्या-नव्या लिखाणात मालागासी खेडुताबद्दल एक वाक्य हटकून सापडतं: निवांत माणसं, कामाची घाई नाही. ‘मुरा मुरा’, हळूहळू, हा शब्द तर पर्यटकांच्या टी-शर्टवर छापलेला असतो. असं लिहिणाऱ्यांपैकी किती जण गुरुवारी पोचले होते, हे तपासायला हवं.

बऱ्याच घरांत गुरुवारी खाचरात पाय घालणं ‘फादी’ असतं; काही घरांत मंगळवारी. फादी म्हणजे निषिद्ध, वर्ज्य. ती सगळ्यांची एकसारखी नसते. एका घराला डुकराचं मांस फादी, शेजारच्याला विशिष्ट झऱ्याचं पाणी. कबरीकडे सरळ बोट दाखवणं मात्र बहुतेक ठिकाणी फादी. दाखवायचंच तर बोट मुडपून. आल्या दिवशीच ‘इथे काय फादी आहे?’ असं विचारलं की लोक खूश होतात आणि यादी देतात.

शाकाहारी किंवा गोमांस न खाणाऱ्या मराठी माणसाला या एका शब्दाने सुटका मिळते. तब्येत, तत्त्वज्ञान, प्राणिदया यांतलं काही सांगत बसू नये. ‘हे मला फादी आहे’ म्हणावं. पुढे कोणी एक प्रश्न विचारत नाही, आग्रह करत नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून आपला लाउका वेगळ्या भांड्यात शिजतो. युरोपातल्या शाकाहारी पाहुण्याला जे आठवडाभर पटवता येत नाही ते आपल्याला एका शब्दात पटवता येतं, कारण त्यांच्या दृष्टीने पूर्वजांनी घालून दिलेलं बंधन असलेला माणूस हा नीट घरातला माणूस.

तर गुरुवारी खाचरं मोकळी. पण जवळून पाहिलं तर बायका ओसरीत चटया विणतात, एक जण आंगादीचं, म्हणजे फावड्याचं, पातं दगडावर घासतो, म्हातारी रताळ्याच्या वेलांना माती लावते. ती जमीन वरकस, तिला फादी लागू नाही. उखळापाशी दोघी जणी एकाआड एक मुसळ घालत असतात. पहिल्या कांडपाने तूस सुटतं, सुपाने पाखडायचं, दुसऱ्याने कोंडा, परत पाखडायचं; तो कोंडा डुकराला. गिरणी दोन तासांवर आहे आणि पोत्यामागे पैसे घेते. कांडायला पैसे लागत नाहीत आणि कोंडा घरात राहतो.

आजचा दिवस घर समजून घ्यायला बरा. दार-खिडक्या पश्चिमेला. ईशान्य कोपरा पूर्वजांचा. तिथे काही टेकवून ठेवू नये, पाय करून झोपू नये. आपल्याकडे ईशान्येला देवघर मांडणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. मानाची माणसं उत्तरेला बसतात, पोरं आणि पाहुण्यांबरोबर आलेला गाडीवान दक्षिणेला, दाराशी. डावं-उजवं घरात फारसं चालत नाही. ‘पेला जरा दक्षिणेला सरकव’ असंच म्हणतात. माणसांसमोरून जाताना वाकून, उजवा हात खाली पुढे करून ‘अझाफादी’ म्हणत जायचं. खालच्या मजल्यावर कोंबड्या आणि अवजारं, मधे झोपायची खोली, वर माळ्यावर चूल. धूर छपरातून जातो, वासे काजळीने काळेकुळकुळीत होतात आणि त्यांना टांगलेल्या मक्याच्या कणसांना कीड लागत नाही. परक्याला ती काजळी अस्वच्छ दिसते. घरच्यांच्या लेखी ती घर किती पिढ्या तापतंय याची खूण.

शुक्रवार : चिखलणी

ऑक्टोबर सरताना इथे पावसाची चाहूल लागते. कुदळणी आधीच झालेली असते. आंगादी म्हणजे लांब, अरुंद पात्याचं फावडं; पायाने न दाबता, नुसत्या फेकीच्या जोरावर ते जमिनीत घुसवून ढेकूळ उलटवतात. ढेकळं काही आठवडे उन्हात तापली की खाचरात पाणी सोडतात, आणि मग नांगर नाही, गुरं. दहा-पंधरा उंबी गोलगोल पळवतात. मागे पोरं आरोळ्या ठोकत, काठ्या आपटत, मांडीपर्यंत चिखलात. एखादा तरणा मुलगा वशिंडाला लोंबकळतो, जनावर उधळतं, बांधावरच्या मुली बघतात. बाहेरचा फोटो काढतो आणि खाली ‘खेळ’ असं लिहितो. पण गुरं उधळली नाहीत तर ढेकूळ फुटत नाही; आरोळ्या आणि लोंबकळणं हा कामाचाच भाग. चिखल पायाच्या बोटांतून लोण्यासारखा निसटला की झालं. खडा लागला तर आणखी दोन फेरे. बांधाच्या कडेला गुरं जात नाहीत, तिथला पट्टा माणसांनी तुडवायचा. हा पट्टा कोरडा राहिला की तिथून पाणी झिरपतं आणि खालच्याशी भांडण होतं.

सगळ्यांकडे पंधरा गुरं कुठून असणार? दोन याची, तीन त्याची. माणसंही तशीच. आपल्याकडे ज्याला सावड म्हणतात त्याला इथे ‘फिंद्रामाना’. आज माझ्या खाचरात, परवा तुझ्या. पैसे नाहीत, पण ज्याचं खाचर त्याने त्या दिवशी भात घालायचा, आणि तो पोटभर. जेवणात कमीपणा आला तर पुढच्या वेळी माणसं उशिरा येतात. कोणी बोलून दाखवत नाही.

पाहुण्याला उतरायचा मोह होतो. अनवाणी उतरू नये. या पाण्यातल्या गोगलगायींतून बिल्हार्झियाचे जंतू त्वचेतून शिरतात आणि पठारावर हा रोग चांगलाच पसरलेला आहे. गावकरी उतरतात, कारण त्यांना पर्याय नाही. आपण बांधावर उभं राहून पाणी द्यावं.

आता ज्याच्यासाठी शेतकी खात्यातली माणसं इथवर येतात ते. महाराष्ट्रातल्या भातवाल्याला ‘श्री पद्धत’ ठाऊक असते: कोवळं रोप, एकेकटं, मोकळ्या अंतरावर, पाणी कमी. ती इथली. आंरी द लोलानिए या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने 1983 च्या सुमाराला आंत्सिराबेकडे शेतकऱ्यांबरोबर काम करताना ती बसवली. नेहमी महिन्याभराचं रोप लावतात. त्याऐवजी 8 ते 12 दिवसांचं, दोन पानांचं, 25 सेंटिमीटर अंतरावर, चिखल ओला पण खाचर भरलेलं नाही, आणि कोळपं फिरवून तीन-चार वेळा तण काढणं. उत्पन्न वाढतं, यावर गावात वाद नाही. तरी ती जन्मली त्याच देशात बहुतेक खाचरं जुन्याच रीतीने लागतात, अनेकांनी करून सोडून दिली, आणि बाहेरचे म्हणतात: रूढीला चिकटलेले लोक.

बांधावर बसून हिशेब ऐकला की रूढी कुठेच सापडत नाही. बोटभर उंचीचं रोप बुडायला चार बोटं पाणी पुरतं, म्हणजे खाचर आरशासारखं सपाट हवं आणि पाटाचं पाणी आपल्या हातात हवं. ते वरच्या शेजाऱ्याच्या हातात असतं. तो भरून घेणार, मग खाली सोडणार, तेही सोडेल तेव्हा भसकन. दुसरं, सावडीला आलेल्या वीस बायकांचा हात मूठभर रोपं भराभर खोचायला बसलेला. एकेक काडी मुळं न दुमडता ठेवायची तर एका दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं, म्हणजे जेवण दोनदा. मुळं दुमडली की रोप आठवडाभर खुरटतं आणि सगळा फायदा तिथेच जातो. तिसरं आणि सगळ्यात मोठं: पहिली कोळपणी लावणीनंतर दहा-बारा दिवसांत झाली पाहिजे. पाणी कमी म्हणजे तण जोरात. चार दिवस चुकले तर तण रोपावर चढतं. आणि नेमका तोच काळ ‘माइंत्सु आहित्रा’चा. शब्दशः ‘हिरवं गवत’: सगळीकडे हिरवं, कणगीत काही नाही. त्या दिवसांत माणूस दुसऱ्याच्या शेतावर रोजावर जातो आणि संध्याकाळी दोन-तीन कापुआका तांदूळ घेऊन येतो. स्वतःचं तण काढत बसला तर मे महिन्यात जास्त भात मिळेल, पण आज रात्री काय? ज्याच्या कणगीत जानेवारीपर्यंत पुरेल एवढं आहे तो श्री पद्धत करतो आणि त्याला ती लाभते. बाकीच्यांना तिची माहिती नाही असं नव्हे, परवडत नाही.

शनिवार : चूल

पहाटे चारला मुफु गासीची वेळ. मुफु गासी म्हणजे आपले आप्पे, यात शंका बाळगायचं कारण नाही. पात्रसुद्धा तसंच खळग्यांचं. तांदूळ भिजवून, निथळून, उखळात कुटून पीठ करायचं. त्यात थोडा मऊ, गरगटा भात, साखर आणि यीस्ट कालवून रात्रभर ठेवायचं. पठारावर रात्री गार असतात, म्हणून पातेलं चुलीच्या उबेला ठेवतात. थंडीत राहिलं तर पीठ फुगत नाही आणि मुफु चिवट होतात. पात्र कोळशावर तापवून तेलाचा हात, पाऊण खळगा पीठ, तीनेक मिनिटांनी काडीने उलटायचं. पात्र नीट तापलं नसेल तर पहिला घाणा चिकटतोच, तो पोरांचा. बिनसाखरेचे, मिठाचे केले की नाव बदलतं: रामानुनाका. सोबत घरी भाजलेल्या बियांची काळी, गोड कॉफी, फडक्यातून गाळलेली.

दिवसाचा भात तीनदा. सकाळी पातळ, पेजेसारखा, ‘व्हारी सुसुआ’. दुपारी-रात्री कोरडा. लाउका म्हणजे बहुधा पाला. कसाव्याची पानं कुटून केलेलं ‘राव्हितुतु’ आधी नीट कुटून मग तासनतास शिजवावं लागतं, कारण कच्च्या पाल्यात विष असतं. ‘रुमाझाव्हा’ या पातळ कालवणात अक्कलकाऱ्याच्या जातीची भाजी पडते. तीत पिवळी बोंडं राहिली तर जीभ झिणझिणते. बाहेरचा घाबरून पाणी मागतो आणि सगळं घर हसतं.

पाणी मागितलं तर मिळतं ‘रानुव्हुला’. भात काढल्यावर बुडाला खरवड मुद्दाम करपवतात, बदामी ते तपकिरी. त्यावर पाणी ओतून उकळी काढतात. धुराचा, भाजल्या तांदळाचा वास. बाटलीबंद पाणी वाहून आणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की उकळलेलं पाणी घरात तीन वेळा तयार होतंय. खरवड काळी झाली तर ते कडू लागतं आणि सुनेला बोलणी बसतात.

पाच माणसांच्या घरात चांगल्या दिवसांत रोज सहा-सात कापुआका तांदूळ लागतो. डिसेंबरकडे तो चारवर येतो, मग तीनवर, आणि उरलेल्या जागी उकडलेला कसावा, रताळी. पाहुणा असला तर मात्र त्याच्यापुरता भात शिजतोच. दुसऱ्या चुलीवर घरची पोरं कसावा खात असतात आणि पाहुण्याला वाटतं, यांना कसावा आवडतो. म्हणून आपला भात सगळ्यांच्या भांड्यात शिजवा, असं पहिल्या रात्रीच सांगून टाकायचं. एकदा सांगून ऐकत नाहीत. दोनदा सांगावं.

शनिवारी दुपार मोकळी असेल तर आंजाला जाता येतं. अंबालावाउच्या दक्षिणेला, रस्त्यालगतच, गावकऱ्यांनी चालवलेलं राखीव रान. शेपटीवर काळेपांढरे पट्टे असलेले लेमूर इथे माणसांना भीत नाहीत, कारण त्यांना मारणं इथल्या लोकांना फादी आहे. कड्यांच्या कपारींत जुन्या कबरी आहेत. बोट मुडपून.

रविवार : 1 नोव्हेंबर

सकाळी सगळं गाव ओळखू येऊ नये इतकं पांढरंशुभ्र. जोडे हातात घेऊन चिखल ओलांडतात आणि चर्चच्या दाराशी पाय पुसून घालतात. दुपारी कबरींची सफाई. सर्व संतांच्या दिवशी ती देशभर होते.

इथे बाहेरच्यांचं सगळ्यात ठाम मत ऐकायला मिळतं: जिवंतांची घरं मातीची, मेलेल्यांची दगड-सिमेंटची, हा कसला व्यवहार? गावाचं उत्तर एका ओळीचं असतं. घरात काही वर्षं राहायचं, कबरीत कायमचं. पठारावर जून ते सप्टेंबर या कोरड्या महिन्यांत ‘फामादियाना’ होतात: काही वर्षांनी कबर उघडून पूर्वजांना नव्या ‘लांबा मेना’त, म्हणजे कफनाच्या वस्त्रात, गुंडाळायचं, खांद्यावर घेऊन वाजतगाजत मिरवायचं, परत ठेवायचं. सगळीच घरं करत नाहीत. काही चर्चवाल्यांनी सोडलं आहे. करतात त्यांना शेकडो पाहुण्यांना तुपाळ म्हणावा असा चरबीदार भात घालावा लागतो. याला उधळपट्टी म्हणणाऱ्याने वही बघावी. दारातच एक जण वही घेऊन बसलेला असतो, कोणी किती पैसे, किती तांदूळ आणला ते लिहीत. ‘आतेरु का आलाउ’, द्या आणि न्या. त्याच्या घरी कार्य निघालं की तेवढंच, थोडं वर, परत. आहेराच्या वहीवर वाढलेल्या मराठी माणसाला हे समजावून घ्यायला मानववंशशास्त्र लागत नाही. 2017 च्या प्लेगच्या साथीत मात्र एक अट कडक झाली: प्लेगने गेलेल्याला पुन्हा उघडता येईल अशा कबरीत ठेवायचं नाही. घरच्यांना रोगाहून हे जड गेलं, कारण घराच्या कबरीबाहेर राहिलेला माणूस हरवला असं समजतात.

म्हणून आज कधीतरी आपल्याला तो प्रश्न येणारच: तुमची कबर कुठे आहे? तानाला करानांची दफनभूमी आहे हे गाडीने गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. आपण जाळतो, राख नदीत सोडतो, हे हिंदू माणसाने सांगितलं की सगळे गप्प होतात. ती दया असते, राग नसतो. श्राद्धाचं सांगावं. वर्षातून ठरल्या तिथीला पूर्वजांना बोलावतो, भात शिजवतो, त्याचे पिंड ठेवतो. भात म्हटलं की मंडळी पुढे सरकतात. किती कापुआका, हे विचारतात. मूठभर म्हटलं तर पटत नाही.

अंबालावाउहून फियानाकडे रविवारी गाड्या कमी आणि त्या भरायला वेळ लागतो. गावातून अकराच्या आत निघालं नाही तर रात्र रस्त्यावर जाते, तेव्हा कबरींची सफाई सकाळी चर्चआधी उरकणारं घर आधीच शोधून ठेवावं.